लाल धाग्याचे युरोपीय तंत्र

१७ सप्टेंबर

आज डेन्मार्कहून चीनमधल्या आमच्या कारखान्यात नमुना आला. पवनचक्कीचं एक पातं, साधारण तीन मीटर लांब, पांढरंशुभ्र, आणि त्यावर नॉर्डलिंग कंपनीचा हिरवा गोल स्टिकर. सोबतच्या पत्रात लिहिलंय की हे पातं त्यांच्या कारागिरांनी पिढीजात कौशल्याने हातांनी बनवलं आहे. आमच्या कारखान्याने याच्यासारखं एक पातं करून पाठवायचं. शंभरात पंच्याण्णव गुण पडले तर युरोपातल्या सगळ्या छोट्या पवनचक्क्यांची पाती आम्हीच करायची, असा करार होणार.

संचालक फांग म्हणाले, "शाओ, ही जबाबदारी तुझी. नमुन्याला नखसुद्धा लागता कामा नये." कार्यालयप्रमुख होऊन मला बावीस वर्षं झाली, पाहुण्यांचं कसं करायचं हे मला कुणी शिकवू नये. मुख्य दालनात काचेची पेटी करून घेतली, खाली लाल कापड, पात्याच्या पोकळ बुंध्यावर रेशमी टोपी आणि तिच्यावर कागदाचं मोठं फूल. समोर दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी लावली. फांगसाहेबांनी तीनदा प्रदक्षिणा घातली नि म्हणाले, "पाहिलंस? याला म्हणतात दर्जा."

१९ सप्टेंबर

मिआओ शिफूंनी, माझ्या गुरूबाईंनी, आज माझी लाज काढली. हातकामाच्या शेडमधले अडतीस जण नमुना बघायला रांगेने आणले होते. शिफूंनी दोरीखालून वाकून, पेटीचं झाकण उचलून, पात्यावर सरळ तळहात ठेवला नि कडेवरून अंगठा फिरवला.

"अरे शाओ, हे तर आपलंच आहे."

"शिफू, ते डेन्मार्कचं आहे."

"असेल. पण केलंय इथे. ही कड मी फिरवलेली आहे."

मागे सगळे खिदळायला लागले. मी म्हटलं, "शिफू, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी केव्हाचा सांगतोय." तर म्हणाल्या, "कड डोळ्यांनी बघतात का रे गाढवा? एवढं शिकवलं ते गेलं कुठे?"

चारचौघांत गाढव! पण काय करणार, मी एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याच हाताखाली लागलो. शिफू म्हणजे आपल्याकडे आईबापाच्या जागी. निवृत्तीचं वय उलटून गेलंय, तरी त्यांच्यासारखं काचतंतूचं कापड साच्यात बसवणारं दुसरं कुणी नाही म्हणून दरवर्षी पुन्हा ठेवून घेतात. वय झालं की माणसाला जगातली प्रत्येक चांगली वस्तू आपणच केली असं वाटायला लागत असावं.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे तर पिकतच नाही, म्हणून नमुने बाहेरून मागवावे लागतात.

२६ सप्टेंबर

फांगसाहेबांनी दार लावून घेतलं. करार झाला नाही तर नवीन वर्षापासून हातकामाची शेड बंद. मालकमंडळींचा निर्णय झालेला आहे. "अडतीस नावांची यादी करून ठेव, कुणाला कळू देऊ नकोस." यादी वयाप्रमाणे लावायची पद्धत आहे, त्यामुळे पहिलं नाव मिआओ शिफूंचं आलं. यादी टेबलाच्या खणात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कुठे ठेवली ते आता आठवत नाही.

जेवलो नाही. बायको म्हणाली, "ऑफिसात कोणी काही बोललं का?" मी म्हटलं, पोट बरं नाही.

३० सप्टेंबर

आमचं पातं रवाना. शिफूंनी चार दिवस खपून केलं. शेवटच्या थराखाली, बुंध्याच्या आतल्या बाजूला, त्यांनी नेहमीसारखा लाल धागा बसवला. हे त्यांचं जुनं खूळ. पूर्वी आम्ही इथे मासेमारीच्या होड्या करायचो, तेव्हापासूनचं. दर बारा वर्षांनी आपलं जन्मवर्ष फिरून आलं की माणूस कंबरेला लाल धागा बांधतो, तसा होडीला बांधायचा, म्हणजे ती लाटेला घाबरत नाही. आता पात्याला, म्हणजे ते वाऱ्याला घाबरत नाही.

मी शिकाऊ असताना धाग्याला दोन गाठी असायच्या. मी विचारलं होतं, दोन कशाला? तर म्हणाल्या, "एक होडीची, एक तुझी. होडीपेक्षा तुझीच काळजी जास्त, रेझिनच्या बादलीत पाय घालतोस." मी ऑफिसात गेलो, त्यांची एक गाठ वाचली असेल.

२४ ऑक्टोबर

डेन्मार्कहून अहवाल आला. अठ्ठ्याऐंशी गुण! कारणं तीन पानी. त्यातलं मुख्य असं: 'बुंध्याच्या आत लाल धाग्यासारखी परकी वस्तू आढळली. यावरून कामगारांना युरोपीय शिस्तीची ओळख नसल्याचे दिसते. आमच्या नमुन्यात असा प्रकार स्वप्नातही आढळणार नाही.'

फांगसाहेबांनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. धागा घातला शिफूंनी, आणि मान खाली माझी. दुसरी संधी दिली आहे, तीच शेवटची.

शेडमध्ये जाऊन मी स्पष्ट सांगितलं, "शिफू, या खेपेला धागा नाही."

"मग ते वाऱ्यात थरथरेल."

"थरथरू दे. गुण पडू दे."

"तुला गुण हवेत की पातं?"

खणातली यादी डोळ्यांपुढे आली. सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "शिफू, हात जोडतो." त्यांनी धाग्याचं रीळ एप्रनच्या खिशात टाकलं.

२ नोव्हेंबर

दुसरं पातं झालं. विश्वास असला तरी पहारा बरा, म्हणून पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत मी स्वतः साच्यापाशी उभा होतो. धागा नाही म्हणजे नाही. शेवटी शिफू एवढंच म्हणाल्या, "उपाशी पोराला प्रवासाला धाडल्यासारखं वाटतंय."

६ नोव्हेंबर

आजचा दिवस माझ्या नोकरीतला सर्वांत नाजूक, आणि स्वतःच सांगतो, मी तो उत्तम निभावला.

पातं रवाना होण्याआधी उपजिल्हाप्रमुखांनी नमुन्यासह फोटो काढून घ्यायचं ठरवलं. पेटीतून नमुना काढला, शेजारी आमचं नवीन पातं ठेवलं, दोन्ही लाल कापडावर. दोन्ही बुंध्यांना सारख्याच रेशमी टोप्या घातल्या. एवढ्यात त्यांचा सचिव आला आणि कपाळाला हात लावला. "अहो शाओ, त्याच्यावर स्टिकर नि आपलं बोडकं? पाहुणा फेटा बांधून आणि यजमान उघड्या डोक्याने! ही कसली समानतेची मैत्री?"

मुद्दा बिनतोड होता. मी बायकोचा केस वाळवायचा पंखा मागवला, स्टिकर गरम करून अलगद सोडवला आणि काचेवर चिकटवून ठेवला.

मग जागेचा प्रश्न आला. पाहुण्याचा मान यजमानाच्या उजव्या हाताला, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याप्रमाणे नमुना उजवीकडे ठेवला. सचिव म्हणाला, "पण फोटोत तो डावीकडे दिसेल. वरिष्ठ फोटो बघणार, जागा थोडीच बघणार आहेत?" म्हणून अदलाबदल केली. मग फांगसाहेब आले. म्हणाले, "दाराकडे तोंड करून बसणारा तो यजमान. दार कुठे आहे? मागे! सगळं उलटं झालं." पुन्हा अदलाबदल. मग उपजिल्हाप्रमुख दुसऱ्याच दाराने आले. पुन्हा केली.

फोटो झाला, टाळ्या झाल्या, साहेब जेवायला गेले. मी शांत डोक्याने स्टिकर घेतला. एक गोष्ट मी पक्की लक्षात ठेवली होती: पाहुणा उजवीकडे. उजवीकडच्या पात्याला स्टिकर लावला नि ते पेटीत ठेवलं. डावीकडचं खोक्यात.

मिआओ शिफू भिंतीला टेकून सूर्यफुलाच्या बिया खात होत्या. म्हणाल्या, "पोरा, चुकलास."

"शिफू, शिष्टाचारातलं मला कळतं. तुम्ही साचा बघा."

"बरं," म्हणाल्या आणि टरफलं थुंकून निघून गेल्या.

१ डिसेंबर

अघटित घडलं. एक्क्याऐंशी! आधीच्यापेक्षा सात कमी. मी अहवाल चारदा वाचला. 'पुन्हा तोच लाल धागा. शिवाय बुंध्यात पेन्सिलीने ४७ असा अनधिकृत आकडा लिहिलेला आढळला. एकूण कामात युरोपीय परंपरेचा पूर्ण अभाव.'

मी तसाच शेडमध्ये गेलो. एवढा आवाज मी शिफूंपुढे आयुष्यात चढवला नव्हता. "मी हात जोडले होते ना तुमच्यापुढे? मग धागा घातलाच कसा?"

"मी नाही घातला. तूच उभा होतास की डोळे वटारून."

"मग तो आला कुठून? डेन्मार्कच्या हवेतून?"

"ते तूच शोध. मी तुला त्या दिवशीच सांगितलं होतं."

त्या शांत होत्या, हेच मला झोंबलं. चाळीस वर्षांचा हात, माझ्यासमोर धागा सरकवला नि मला पत्ता नाही! कौतुक करावं की रडावं कळेना. घरी आल्यावर खणाची किल्ली सापडली. बुटात होती.

४ डिसेंबर

फांगसाहेब म्हणाले, यादी काढ. मी म्हटलं, साहेब, एक शेवटचं करून बघू. त्यांच्याकडचाच एखादा शिफू बोलावू, आमच्या लोकांना शिकवायला. शिकणाऱ्याला कुणी नापास करत नाही. साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि पत्र लिहायला सांगितलं. यादी पुन्हा खणात.

१२ डिसेंबर

युरोपीय शिफू आले. हेनिंग थूरसेन, वय सत्तरच्या पुढे, माझ्यापेक्षा दोन वीत उंच, आणि हात असे की पकड घेतली की माझी बोटं कुरकुरली. सोबत एक खोकं आणलंय: आमचं नापास पातं. कंपनीने विमानतळावर त्यांच्या हवाली केलं, पातं कसं करू नये हे कामगारांना दाखवण्यासाठी. त्यांनीही ते अजून उघडून पाहिलेलं नाही.

जेवायला बारा ताटल्या होत्या. दारूत मुरवलेले खेकडे त्यांनी कवचासकट चावले. दुभाषी म्हणून मी यूनटिंगला घेतलंय, शाळेत इंग्रजी शिकवते. तिने सांगितलं की हे आधी होड्या बांधायचे, मग पाती करायचे. त्यांच्या गावातली शेड आठ वर्षांपूर्वी कंपनीने बंद केली. आता कंपनीत पाती बनवणारं कुणीच उरलेलं नाही, फक्त तपासणारे आहेत. हे निवृत्त होऊन घरी कोंबड्या पाळत होते, गेल्या आठवड्यात फोन आला की चीनला जाऊन परंपरा शिकवा.

हे कसं शक्य आहे? एवढी मोठी कंपनी, आणि पाती करणारं कुणी नाही? यूनटिंगचं इंग्रजी कच्चं दिसतंय.

१३ डिसेंबर

सकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर खोकं उघडलं. म्हाताऱ्याने पात्याची कड अंगठ्याने चाचपली. मग बॅटरी घेऊन बुंध्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढेना. मी यूनटिंगकरवी माफी मागितली. म्हटलं, तो ४७ आकडा म्हणजे आमच्या शेडमधल्या कुणाचा तरी आगाऊपणा, त्याला शिक्षा होईल.

त्याने खिशातून एक कार्ड काढलं, कंपनीच्या नमुन्याचं. त्यावरचा आकडा बघितला, बुंध्यात बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. मग म्हणाला, काचेच्या पेटीतला नमुना दाखवा.

मी अभिमानाने नेलं. फूल काढलं, टोपी काढली. त्याने बॅटरी मारली. आत काहीच नव्हतं, ना आकडा ना धागा. स्वच्छ. मी म्हटलं, "बघा, याला म्हणतात दर्जा!"

आणि तो म्हातारा आमच्या दालनात, फरशीवर, पाय पसरून बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मी घाबरून गरम पाणी मागवलं. खेकडे बाधले असावेत असं मला वाटलं.

उठल्यावर त्याने पेटीतल्या पात्यावरचा स्टिकर नखाने सोडवला आणि नापास पात्याला लावला. युरोपात बहुधा अशी पद्धत असेल, नापासालाही मान द्यायची. मी आडकाठी केली नाही, पाहुणा आहे. दोन्ही पात्यांची जागाही त्याने बदलली.

मग यूनटिंगला म्हणाला, "हा धागा कुणाचा?" मिआओ शिफू पुढे झाल्या. दोघांनी एकमेकांचे हात बघितले. तोंडं नाही, हात.

१७ डिसेंबर

म्हातारा नि शिफू मिळून तिसरं पातं करतायत. त्याला आपली भाषा येत नाही, शिफूंना त्याची. यूनटिंग बिचारी खुर्ची घेऊन बसते, तिला कामच नाही. शिफू मोठ्याने सांगतात, "अरे म्हाताऱ्या, बुडबुडा राहिला बघ, तुझ्या नाकाएवढा!" तो त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आणि बरोबर त्याच जागी रोलर फिरवतो. दुपारी दोघं एका पिंपावर बसून भाताबरोबर शिंपल्यांचं सूप पितात. शिकवतंय कोण नि शिकतंय कोण, यावर माझा अहवाल अडलाय. मी लिहिलं: 'प्रशिक्षण उत्साहात सुरू.'

आज शेवटच्या थराआधी शिफूंनी माझ्याकडे बघितलं. मी मानेने नाही म्हटलं. म्हाताऱ्याने त्यांच्या एप्रनच्या खिशाकडे बोट दाखवलं. शिफूंनी रीळ काढलं. पाहुण्यापुढे मी काय बोलणार?

१८ डिसेंबर

म्हाताऱ्याने त्याच्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला, बोलणं इंग्रजीत. मी शेजारी उभा होतो. तो चार वाक्यं बोलला, मध्ये 'सत्तेचाळीस' हा आकडा आला असं यूनटिंग म्हणाली. पलीकडे एवढी शांतता की मला फोन बंद पडला असं वाटलं. मग तिकडून कुणीतरी अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं. म्हातारा म्हणाला, नाही, इथे अजून कुणाला कळलेलं नाही, एवढं यूनटिंगने सांगितलं.

काय कळलेलं नाही, ते यूनटिंगला विचारलं. ती म्हणाली, "काका, मला पण नीट ऐकू आलं नाही," आणि खिडकीबाहेर बघत बसली. म्हटलं ना, इंग्रजी कच्चं.

२१ डिसेंबर

जिंकलो! वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा सण, घरोघरी डंपलिंग, आणि सकाळी पत्र. शब्दशः उतरवून ठेवतो: 'फेरतपासणीअंती असे निदर्शनास आले की लाल धागा हा आमच्या कंपनीच्या प्राचीन परंपरेचा भाग आहे. तिसऱ्या पात्याला शंभर गुण देण्यात येत आहेत. यापुढे प्रत्येक पात्यात नमुन्याप्रमाणे लाल धागा असणे बंधनकारक राहील. तो यंत्राने बसवता येणार नाही. श्री. थूरसेन यांनी प्रशिक्षित केलेल्या कारागिरानेच तो हाताने बसवावा.'

पातं अजून शेडमध्येच आहे, पाठवलंही नव्हतं, तरी शंभर! फांगसाहेबांनी मला मिठी मारली. म्हणाले, "युरोपीय तंत्रज्ञान म्हणजे युरोपीय तंत्रज्ञान! आपल्याला सुचलं असतं का हे?" मी म्हटलं, नाही साहेब. माझ्या मते बारा ताटल्यांच्या त्या जेवणाचा मोठा वाटा आहे.

मग खण उघडला, यादी काढली, फाडली, तुकडे चहाच्या चोथ्यात कालवले. बायकोने सोळा डंपलिंग वाढले, सगळे खाल्ले.

८ जानेवारी

स्वाक्षऱ्यांचा समारंभ. भाषणं, दोन्ही झेंडे, उपजिल्हाप्रमुख. दोन दारांपैकी एकाला मी आधीच कुलूप लावून ठेवलं होतं. मिआओ शिफूंना स्टेजवर बोलावून प्रमाणपत्र दिलं: 'लाल धागा बसवण्याच्या युरोपीय तंत्रात यशस्वी प्रशिक्षण.' शिफूंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि माइकसमोरच म्हणाल्या, "चाळीस वर्षं चुकून करत होते, आता पास होऊन करीन." टाळ्या पडल्या. म्हातारा सगळ्यांत जोराने वाजवत होता. जाताना त्याने शिफूंकडून रिळातला हातभर धागा मागून घेतला आणि मनगटाला गुंडाळला.

१० जानेवारी

कराराप्रमाणे पात्याच्या प्रत्येक कृतीचं लेखी पुस्तक करून द्यायचं आहे. रकाने छापून आलेत: कृती, माप, कारण. फांगसाहेब म्हणाले, धाग्याचं कलम तूच लिही, मूळ नमुना बघून, इकडची तिकडे रेघ होऊ देऊ नकोस.

दुपारी दालनात कुणी नव्हतं. पेटी उघडली, टोपी काढली. चार महिन्यांत मी पहिल्यांदाच नमुना नीट चाचपून बघितला. कडेवर अंगठा ठेवला, आणि अंगठा आपोआप पुढे सरकत गेला. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, त्याला माहीत होतं. हीच कड माझ्याकडून शिफूंनी दोनशे वेळा घासून घेतली होती, चुकलो की बोटांवर रोलर मारून.

मग बॅटरी लावली. आत पेन्सिलीने ४७. तीन वर्षांपूर्वी शांघायच्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडून बिननावाची, नुसते आकडे घातलेली साठ पाती नेली होती, कुठे नेतो ते सांगितलं नव्हतं. आणि त्याच्या वरच्या बाजूला, काचेच्या थराखाली, लाल धागा. माप घेतलं: अकरा सेंटिमीटर. गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या. चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजल्या.

तीन वर्षांपूर्वी मला शेड सोडून एकोणीस वर्षं झालेली होती.

तसाच शेडमध्ये गेलो. शिफू कापड कापत होत्या. म्हटलं, "शिफू, पुस्तकात लिहायचंय. गाठी किती?"

"बघितल्यास ना? मग विचारतोस कशाला?"

"बावीस वर्षं मी ऑफिसात आहे, शिफू. तिथे रेझिनची बादली नाही."

"माहीत आहे. तिथे त्याहून वाईट काय काय असतं." त्यांनी कात्री चालूच ठेवली. "आणि स्टिकर लावायलाही तुलाच पाठवतात. नीट बाजूला हो, कापडावर उभा आहेस."

मी बाजूला झालो. डोळे भरून आले होते, रेझिनच्या वासाने म्हटलं तरी खपून गेलं असतं, पण कुणी विचारलं नाही.

परत येऊन कलम पूर्ण केलं. कृती: लाल धागा, शेवटच्या थराखाली. माप: अकरा सेंटिमीटर, दोन गाठी. कारणाच्या रकान्यात 'युरोपीय परंपरा' असं लिहून फांगसाहेबांची सही घेतली.

खरं कारण फक्त इथे लिहून ठेवतो. एक गाठ पात्याची आहे, एक माझी.